ग्लुकोज-६-फॉस्फेट लॅबमध्ये वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी. प्रोजेक्टवाले, पीएच.डी. नुकतीच सुरू केलेले, पॅथॉलॉजीतले टेक्निशियन, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाच एका जागी लिहून टाकतोय. ग्लुकोज-६-फॉस्फेटला खाली सगळीकडे जी६पी म्हणतोय आणि ते वापरणाऱ्या डीहायड्रोजनेज एन्झाइमला जी६पीडी. निम्मे प्रश्न "एन्झाइम चालतच नाहीये" असे सुरू होतात आणि शेवटी बाटलीच्या लेबलवर येऊन थांबतात, त्यामुळे प्रश्न ३, ४ आणि ७ आधी वाचा, बाकीचे लागतील तसे.

१. जी६पी म्हणजे नेमकं काय, आणि साधा ग्लुकोज टाकला तर नाही का चालत?

ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर एक फॉस्फेट बसवला की जी६पी. ग्लुकोज पेशीत शिरला की हेक्झोकिनेज हे एन्झाइम लगेच एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून हे काम करतं, मग फॉस्फेटच्या ऋण चार्जमुळे तो रेणू मेम्ब्रेनमधून परत बाहेर जाऊ शकत नाही. तिथून पुढे तो ग्लायकोलिसिसला जाईल, ग्लायकोजेन बनेल किंवा पेन्टोज फॉस्फेटच्या वाटेने जाऊन एनएडीपीएच (एनएडीपी या सहएन्झाइमचं रिड्यूस झालेलं रूप) देईल, म्हणजे हा चौकातला रेणू आहे आणि म्हणूनच इतक्या वेगवेगळ्या असेमध्ये (अ‍ॅसे, म्हणजे एन्झाइम किंवा पदार्थ मोजायची चाचणी) लागतो. साधा ग्लुकोज नाही चालत. जी६पीडीला फॉस्फेट लागतोच, नुसत्या ग्लुकोजवर त्याचा वेग जवळजवळ शून्य. ग्लुकोजच घालायचा असेल तर सोबत हेक्झोकिनेज, एटीपी आणि मॅग्नेशियम द्या म्हणजे जी६पी क्युव्हेटमध्येच (रीडिंग घ्यायच्या छोट्या पात्रातच) तयार होतो, रक्तातली साखर मोजायची हेक्झोकिनेज पद्धत हेच करते.

२. जुन्या पेपरमध्ये "रॉबिसन एस्टर" लिहिलंय, ते हेच का?

हो, थोडं सांभाळून. साखरेचे जे फॉस्फेट सापडत गेले त्यांना शोधणाऱ्यांची नावं पडली: फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट म्हणजे हार्डेन-यंग एस्टर, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट म्हणजे नॉयबर्ग एस्टर, ग्लुकोज-१-फॉस्फेट म्हणजे कोरी एस्टर आणि आपला जी६पी म्हणजे रॉबिसन एस्टर. फक्त रॉबिसनने वेगळा केलेला माल शुद्ध जी६पी नव्हता, त्यात फ्रुक्टोज-६-फॉस्फेटही होता. १९३१ मध्ये वारबुर्ग आणि क्रिस्टियन यांनी लाल रक्तपेशींमधून हाच एस्टर ऑक्सिडाइज करणारं एन्झाइम दाखवलं, जर्मन पेपरमध्ये त्याला "ट्स्विशेनफेरमेंट" म्हटलेलं दिसेल, ते म्हणजे आजचं जी६पीडी.

३. कॅटलॉगमध्ये चार-पाच प्रकार दिसतात, डायसोडियम, मोनोसोडियम, डायपोटॅशियम, बेरियम... कुठला मागवू?

एन्झाइम असेसाठी डोळे झाकून डायसोडियम. पाण्यात पटकन विरघळतो, सोडियम बहुतेक एन्झाइमना त्रास देत नाही आणि जवळपास सगळ्या छापील प्रोटोकॉलमध्ये तोच असतो. मोनोसोडियमही चालतो पण त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, तुमचा बफर पातळ असेल आणि जी६पी जास्त घालणार असाल तर पीएच खाली ओढला जातो. डायपोटॅशियम तेव्हा घ्या जेव्हा तुमच्या सिस्टिममध्ये सोडियम नकोच आहे, उदाहरणार्थ पोटॅशियमवाल्या इन्ट्रासेल्युलर बफरमध्ये काम चाललंय. बेरियम सॉल्ट थेट वापरायचं नाही, त्याचं प्रश्न ५ मध्ये सांगितलंय.

ऑर्डर टाकताना नावासोबत सॉल्ट आणि कॅटलॉग नंबर दोन्ही लिहा. सरकारी कॉलेजात इंडेंटवर नुसतं "ग्लुकोज फॉस्फेट" लिहिलं की परचेस सेक्शनवाला सगळ्यात स्वस्त कोटेशन पास करतो आणि हातात ग्लुकोज-१-फॉस्फेट येतं. ते का चालत नाही ते प्रश्न ९ मध्ये.

४. १०० मिलीमोलर स्टॉक करायचाय, किती ग्रॅम घेऊ? पेपरमध्ये मॉलिक्युलर वेट २६० दिलंय.

२६० हे फ्री अ‍ॅसिडचं आहे (नीट सांगायचं तर २६०.१४) आणि तुमच्या बाटलीत फ्री अ‍ॅसिड नाहीये. मोनोसोडियम २८२.१, डायसोडियम ३०४.१, डायपोटॅशियम ३३६.३, आणि हे सगळे पाणी न धरता. १० मिली १०० मिलीमोलरसाठी निर्जल डायसोडियम ३०४ मिलिग्रॅम लागेल. २६० धरून २६० मिलिग्रॅम घेतलात तर स्टॉक ८५ च्या आसपास, म्हणजे पंधरा टक्क्यांनी कमी.

आता पुढची गोची. लेबलवर "हायड्रेट" असं मोघम लिहिलेलं असतं, किती पाणी ते नाही. दोन पाण्याचे रेणू असतील तर ३४०, तीन असतील तर ३५८. प्रत्यक्षात हे लॉटनुसार बदलतं आणि हा पदार्थ हवेतलं पाणीही ओढतो. म्हणून त्या लॉटचं सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस कंपनीच्या साइटवरून उतरवा, त्यात पाण्याची टक्केवारी दिलेली असते. समजा १० टक्के पाणी आहे, तर ३०४ ला ०.९ ने भागा, ३३८ मिलिग्रॅम घ्या. आणि एवढं करूनही तो आकडा अंदाजच आहे असं समजा, खरी कॉन्सन्ट्रेशन मोजूनच कळते, प्रश्न ७.

तुम्ही म्हणाल एवढं कशाला, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) तर भरपूर घालतोय. व्हीमॅक्सच (एन्झाइमचा कमाल वेग) हवा असेल आणि सबस्ट्रेट केएमच्या (ज्या कॉन्सन्ट्रेशनला वेग कमालच्या निम्मा असतो त्याच्या) दहापट असेल तर बरोबर, पंधरा टक्के इकडे-तिकडे कळतही नाही. पण केएम काढत असाल, स्टँडर्ड कर्व्ह करत असाल किंवा दुसऱ्या लॅबशी आकडे जुळवत असाल तर ती चूक थेट उत्तरात उतरते.

५. डिपार्टमेंटच्या फ्रीजमध्ये जुनी बेरियम सॉल्टची बाटली सापडलीय. फेकू की वापरू?

वापरता येते. पूर्वी साखरेचे फॉस्फेट बेरियम घालून अवक्षेपित करूनच वेगळे करायचे, त्यामुळे जुन्या बाटल्या बेरियमच्याच असतात. हेप्टाहायड्रेट असेल तर वजन ५२१.६ धरा.

पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून थोड्या डायल्यूट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवा, मग बेरियमच्या मोल्सपेक्षा किंचित जास्त सोडियम सल्फेट घाला, पांढराशुभ्र बेरियम सल्फेट खाली बसतो. सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्या, त्यातला एक थेंब काढून त्यात सल्फेटचा थेंब टाकून बघा. ढग आला तर बेरियम अजून शिल्लक आहे. नाही आला तर पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने सावकाश सात-साडेसातवर आणा, एकदम ओतू नका. सल्फेट चालत नसेल तर कॅटायन एक्स्चेंज रेझिनमधून काढा.

बेरियम राहू दिलात तर फॉस्फेट बफरमध्ये क्युव्हेट गढूळ होतं आणि ३४० नॅनोमीटरला (एनएडीपीएच इथेच मोजतात) रीडिंग चढत जातं, बघणाऱ्याला वाटतं वा, काय अ‍ॅक्टिव्हिटी आहे. आणि विरघळणारा बेरियम विषारी असतो, तो कचरा बेसिनमध्ये सोडायचा नाही.

६. कसं साठवायचं? डब्यात खडे झालेत, खराब झालं का?

पावडर उणे २० ला, घट्ट बंद, सिलिका जेलच्या डब्यात. बाटली फ्रीजरमधून काढली की उघडायच्या आधी टेबलावर अर्धा तास राहू द्या, मुंबईच्या पावसाळ्यात थंड बाटली उघडली की आत दव धरलंच. खडे म्हणजे पाणी शिरलंय, रेणू मेला असं नाही, फक्त आता वजनावर विश्वास ठेवू नका.

द्रावण न्यूट्रल ठेवा. आम्लात जी६पी चांगला टिकतो, त्याचं जास्त वाकडं आहे ते अल्कलीशी: पीएच वर गेला की काही भाग फ्रुक्टोज-६-फॉस्फेटमध्ये बदलतो आणि गरम केलंत तर पिवळं-तपकिरी होतं. द्रावण छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० किंवा उणे ८० ला, एक ट्यूब एकदाच. फ्रीजच्या दारात आठवडाभर ठेवलेलं द्रावण वापरू नका, त्यात बॅक्टेरिया वाढतात आणि त्यांना हे चांगलं चालतं. ऑटोक्लेव्ह करू नका, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर पुरे.

७. माझ्या द्रावणात खरोखर किती जी६पी आहे ते कसं मोजू?

त्याच्याच एन्झाइमने. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि जवळजवळ कोणी करत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

१ मिलीच्या क्युव्हेटमध्ये ट्रिस १०० मिलीमोलर पीएच ८, मॅग्नेशियम क्लोराइड ५ ते १० मिलीमोलर, एनएडीपी ०.५ मिलीमोलर, आणि तुमच्या स्टॉकला पाण्याने १० मिलीमोलरच्या आसपास आणून त्यातले १० मायक्रोलिटर. ३४० नॅनोमीटरला झिरो करा. आता यीस्टचं जी६पीडी एक-दोन युनिट घाला, हलवा, आणि रीडिंग वर चढून सपाट होईपर्यंत थांबा, साधारण पाच-दहा मिनिटं. जितके जी६पीचे रेणू तितकेच एनएडीपीएच, आणि एनएडीपीएचचा १ मिलीमोलर १ सेंटिमीटरला ६.२२ देतो. म्हणजे चढ ०.६२२ आला तर क्युव्हेटमध्ये ०.१ मिलीमोलर, शंभरपट पातळ केलंय म्हणून मूळ बरोबर १० मिलीमोलर. चढ ०.५३ आला तर ८.५, आणि ८५ टक्के म्हणजे बहुतेक प्रश्न ४ मधली चूक.

सपाट न होता हळूहळू चढतच राहिलं तर एन्झाइममध्ये ६-फॉस्फोग्लुकोनेट डीहायड्रोजनेजची भेसळ आहे, किंवा एन्झाइम इतकं कमी पडलंय की रिअ‍ॅक्शन संपतच नाहीये. एन्झाइम दुप्पट करून बघा. वरची पातळी तीच आली पण लवकर आली तर एन्झाइम कमी होतं.

८. बाटलीवर ९८ टक्के प्युअर लिहिलंय, उरलेले २ टक्के काय असतात?

सहसा पाणी सोडून फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, थोडा ग्लुकोज, थोडा मोकळा फॉस्फेट. हे महत्त्वाचं आहे की नाही ते तुम्ही काय करताय त्यावर. जी६पीडी असेला फरक पडत नाही. फॉस्फोग्लुकोज आयसोमरेजची असे असेल तर फ्रुक्टोज-६-फॉस्फेट थेट नडतो. फॉस्फटेज असे असेल तर मोकळा फॉस्फेट.

मोजायला प्रश्न ७ चाच क्युव्हेट पुढे चालवा: रीडिंग सपाट झाल्यावर त्यातच फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज घाला. आता जो जास्तीचा चढ येईल तेवढा फ्रुक्टोज-६-फॉस्फेट. त्यानंतर एटीपी आणि हेक्झोकिनेज घातलंत तर पुढचा चढ ग्लुकोजचा. एकाच क्युव्हेटमध्ये तीन उत्तरं, मला तरी ही बायोकेमिस्ट्रीतली सगळ्यात देखणी ट्रिक वाटते.

९. ग्लुकोज-१-फॉस्फेट आलंय चुकून, जी६पीऐवजी ढकलून देऊ का?

नाही. जी६पीडी त्याला हात लावत नाही. फॉस्फोग्लुकोम्युटेज घालून बदलता येतं, पण मग एक एन्झाइम आणि त्याची भानगड वाढली. बाटलीवरचं लेबल गेलं असेल आणि दोघांपैकी कुठलं ते ओळखायचं असेल तर जुनी पद्धत आहे: १ नॉर्मल आम्लात १०० अंशाला सात मिनिटं उकळा. ग्लुकोज-१-फॉस्फेटचा फॉस्फेट जवळजवळ सगळा सुटतो, जी६पीचा जवळजवळ काहीच नाही. जुन्या पेपरमध्ये "सात मिनिटांचा फॉस्फेट" म्हणतात तो हाच. नाहीतर सरळ प्रश्न ७ ची टेस्ट करा.

१०. लाल रक्तपेशींच्या जी६पीडी असेमध्ये किती घालायचं असतं?

काही लोकांत हे एन्झाइम जन्मतः कमी असतं (डेफिशियन्सी), ते ओळखायला ही असे करतात. हिमॅटॉलॉजीतली प्रमाणित पद्धत बरीच साधी आहे. १ मिलीमध्ये ट्रिस-ईडीटीए बफर (१ मोलर, पीएच ८) १०० मायक्रोलिटर, मॅग्नेशियम क्लोराइड १०० मिलीमोलर १००, एनएडीपी २ मिलीमोलर १००, १:२० हिमोलायसेट (फोडलेल्या लाल पेशींचं द्रावण) २० आणि बाकी पाणी. तापमानाला येऊ द्या आणि मग ६ मिलीमोलर जी६पी १०० मायक्रोलिटर घालून सुरू करा. म्हणजे शेवटी जी६पी ०.६ आणि एनएडीपी ०.२ मिलीमोलर.

नॉर्मल एन्झाइमचा जी६पीसाठी केएम ५० ते ७० मायक्रोमोलर धरतात, त्यामुळे ०.६ म्हणजे साधारण दहापट, पुरेसं आहे. पैसे वाचवायला जी६पी निम्म्यावर आणणारे असतात, त्याने मोजलेला वेग सात-नऊ टक्के खाली येतो आणि मग बॉर्डरलाइन पेशंट "डेफिशियंट" मध्ये ढकलला जातो. बचत करायची तर व्हॉल्यूम कमी करा, कॉन्सन्ट्रेशन नको.

उत्तर युनिट प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन असं द्या आणि तापमान लिहा. ३० अंशाचा आणि ३७ अंशाचा आकडा एकमेकांशी जुळत नाही, आणि रिपोर्टवर तापमान नसलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

११. आमच्याकडे यूव्ही स्पेक्ट्रो नाही, नुसतं कलरीमीटर आहे. काहीतरी होईल का?

३४० नाही तर थेट नाही. पण तयार झालेल्या एनएडीपीएचकडून एखादी टेट्राझोलियम डाय रिड्यूस करून घेता येते, मध्ये फेनाझिन मेथोसल्फेट लागतो, मग रंग दिसतो. फेनाझिनवाली ट्यूब अंधारात ठेवा, उजेडात ब्लँक आपोआप रंगतो. प्लेट रीडर असेल तर ३४० चालेल, फक्त २०० मायक्रोलिटरला प्रकाशाची वाट १ सेंटिमीटर नसते, अर्ध्याच्या थोडी वर असते, ते न बघता ६.२२ ने भागलं की अ‍ॅक्टिव्हिटी निम्मी दिसते.

१२. माझी अ‍ॅक्टिव्हिटी छापील रेंजपेक्षा खूप जास्त येतेय, जवळजवळ दीडपट-दुप्पट. एन्झाइम इतकं चांगलं आहे का?

बहुधा नाही. क्रूड एक्स्ट्रॅक्टमध्ये जी६पीडीचं प्रॉडक्ट ६-फॉस्फोग्लुकोनोलॅक्टोन, ते पाण्याने उघडून ६-फॉस्फोग्लुकोनेट बनतं आणि पुढचं एन्झाइम त्यातून आणखी एक एनएडीपीएच काढतं. म्हणजे एका जी६पीमागे दोन एनएडीपीएच आणि तुम्ही दोन्ही एकाच्या नावावर टाकताय.

उपाय दोन. एक, जी६पी आणि ६-फॉस्फोग्लुकोनेट दोन्ही भरपूर घालून वेग काढा, मग नुसतं ६-फॉस्फोग्लुकोनेट घालून काढा, वजाबाकी म्हणजे जी६पीडी. दोन, दुसरं एन्झाइम दाबायला मॅलेइमाइड घाला, काही किटमध्ये ते आधीच असतं म्हणून इन्सर्ट वाचा नाहीतर दोनदा दुरुस्ती कराल. नुसतं स्क्रीनिंग असेल तर ही दुरुस्ती न करताही काम भागतं, कारण डेफिशियंट माणसात पहिलंच पाऊल अडलेलं असतं.

१३. स्पॉट टेस्टच्या मिश्रणात ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन का घालतात? ते नसलं तर?

फ्लुरोसंट स्पॉट टेस्टमध्ये जी६पी, एनएडीपी, सॅपोनिन आणि बफरमध्ये रक्ताचा थेंब टाकतात, शून्य, पाच आणि दहा मिनिटांनी व्हॉटमन कागदावर ठिपके देतात, वाळवतात आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघतात. एनएडीपीएच चमकतं, एनएडीपी नाही. अगदी कमी एन्झाइम असलं तरी थोडं एनएडीपीएच बनतंच आणि ठिपका फिकट चमकतो, मग वाचणाऱ्याचा गोंधळ. ग्लुटाथायोन रिडक्टेज रक्तात असतंच, ते ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन वापरून हे थोडंसं एनएडीपीएच परत एनएडीपी करून टाकतं, त्यामुळे डेफिशियंटचा ठिपका खरोखर काळा राहतो. नसलं तरी टेस्ट होते, पण मधल्या लोकांत चुकते. आणि ठिपके वाळायच्या आत दिव्याखाली धरू नका, ओल्या ठिपक्याचं काही खरं नसतं.

१४. पेशंटची हिस्ट्री डेफिशियन्सीची आहे पण टेस्ट नॉर्मल आली. रिएजंट खराब का?

आधी सॅम्पल कधी घेतलं ते विचारा. हिमोलिसिसचा झटका आत्ताच येऊन गेला असेल तर जुन्या, कमी एन्झाइमवाल्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि राहिलेल्या तरुण पेशींत, रेटिक्युलोसाइटमध्ये, एन्झाइम जास्त असतं. रक्त दिलं असेल तर तुम्ही दात्याचं एन्झाइम मोजताय. पांढऱ्या पेशी काढल्या नसतील तर त्यांचंही मिळतं, अ‍ॅनिमिया जास्त असेल तर हे विशेष जाणवतं. काही आठवडे, खरं तर दोन-तीन महिने थांबून परत करा.

बाई असेल तर वेगळा मुद्दा. जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, हेटेरोझायगस बाईच्या शरीरात काही पेशी नॉर्मल, काही डेफिशियंट असा मिश्र प्रकार असतो आणि स्पॉट टेस्ट तिला सहज नॉर्मल म्हणते. व्हायव्हॅक्स मलेरियात प्रायमाक्विन (डेफिशियंट माणसात हिमोलिसिस घडवू शकणारं औषध) द्यायच्या आधी हे लक्षात ठेवायलाच हवं, तिथे आकडा देणारी असेच हवी.

रिएजंटवर खापर फोडायच्या आधी एक नॉर्मल आणि एक माहितीतला डेफिशियंट कंट्रोल त्याच ट्रेमध्ये चालवलेला असला की हा प्रश्न उरतच नाही.

१५. व्हेरिएंट ओळखताना "२-डीऑक्सी जी६पी" का वापरतात?

कारण काही व्हेरिएंट (जीन बदलल्याने वेगळी झालेली जी६पीडीची रूपं) सबस्ट्रेटबाबत नॉर्मलपेक्षा ढिले असतात. नॉर्मल एन्झाइमचा २-डीऑक्सी-ग्लुकोज-६-फॉस्फेटवरचा वेग जी६पीच्या ४ टक्क्यांहून कमी, तर मेडिटरेनियन व्हेरिएंटचा २३ ते २७ टक्के. त्याच व्हेरिएंटचा जी६पीसाठी केएमही कमी असतो, १९ ते २६ मायक्रोमोलर. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये ठरवलेल्या पद्धतीत हे सगळं मोजायचं असायचं. आता सिक्वेन्सिंगने काम होतं, पण तयार झालेलं प्रोटीन कसं वागतं ते बघायला ही असे अजून लागते. भारतात सर्वाधिक सापडणारे व्हेरिएंट मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण. त्या तिसऱ्या नावातलं कल्याण आपलंच, ठाण्याच्या पुढचं. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था यावर बरीच वर्षं काम करतेय. केएम काढायचा असेल तर प्रश्न ७ न करता पुढे जाऊच नका, १९ आणि २६ मधला फरक स्टॉकच्या चुकीत बुडून जाईल.

१६. लिव्हर मायक्रोसोमच्या प्रयोगात जी६पी का घालतात? तिथे तर साखरेचा काही संबंध नाही.

तिथे तो एनएडीपीएच भरत राहायला असतो. मायक्रोसोममधल्या (म्हणजे लिव्हर पेशींच्या आतल्या पडद्यांच्या तुकड्यांमधल्या) सायटोक्रोम पी४५० या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमला सतत एनएडीपीएच लागतं, ते महाग आहे आणि टिकत नाही, म्हणून थोडं एनएडीपी, जी६पी आणि जी६पीडी घालतात. नेहमीचं प्रमाण एनएडीपी १.३, जी६पी ३.३, मॅग्नेशियम क्लोराइड ३.३ मिलीमोलर आणि जी६पीडी ०.४ युनिट प्रति मिली.

एम्स टेस्टच्या (पदार्थ म्यूटेशन घडवतो का ते बघायची टेस्ट) एस९ मिक्समध्ये मात्र जी६पी ५ आणि एनएडीपी ४ मिलीमोलर असतं आणि जी६पीडी वेगळं घालत नाहीत. दरवेळी कोणीतरी विचारतं की प्रोटोकॉलमध्ये छापायचं राहिलंय का. नाही, एस९ मध्ये लिव्हरचा सायटोसॉल असतो आणि त्यात ते एन्झाइम असतंच. धुतलेल्या मायक्रोसोममध्ये नसतं, म्हणून तिथे बाहेरून.

१७. ग्लुकोज-६-फॉस्फटेजची असे करतोय, ब्लँकच खूप जास्त येतोय.

बफर बघा. हे एन्झाइम जी६पीचा फॉस्फेट तोडतं, म्हणून इथे प्रॉडक्ट म्हणून फॉस्फेटच मोजायचाय, आणि फॉस्फेट बफर घालून बसणारे दरवर्षी कोणीतरी असतात. मग जी६पीमधला मोकळा फॉस्फेट (प्रश्न ८), मग डिटर्जंटने धुतलेली काचेची भांडी.

मोजायला फिस्के-सुब्बाराव पद्धत चालते, १९२५ ची, त्यातले सुब्बाराव म्हणजे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आम्लात जी६पी फुटत नाही म्हणून ही पद्धत इथे बिनधास्त चालते, ग्लुकोज-१-फॉस्फेटला तेवढी नाही.

मायक्रोसोम अखंड आहेत की फुटलेत हेही बघा. एन्झाइमचं तोंड ईआरच्या (पेशीतल्या एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या) आतल्या बाजूला असतं, जी६पी ट्रान्सपोर्टरने आत जातो. डिटर्जंटशिवाय आणि डिटर्जंटसह दोन्ही करा. मॅनोज-६-फॉस्फेट अखंड मायक्रोसोममध्ये शिरत नाही, पण एन्झाइम त्याला तोडू शकतं, त्यामुळे डिटर्जंटशिवाय मॅनोज-६-फॉस्फेट जितका तुटेल तितके मायक्रोसोम फुटलेले. वॉन गिर्के रोगात (जी६पीपासून ग्लुकोज सुटत नाही असा आनुवंशिक रोग) एन्झाइम नाही की ट्रान्सपोर्टर नाही, हा फरक याच जोडीतून कळायचा.

१८. उसाच्या सुक्रोज फॉस्फेट सिंथेज असेमध्ये सबस्ट्रेट तर फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आहे, मग जी६पी कशाला?

हा प्रश्न पुणे-पाडेगाव पट्ट्यातून, उसावर काम करणाऱ्यांकडून हमखास येतो. इथे जी६पी सबस्ट्रेट नाही, अ‍ॅक्टिव्हेटर आहे. एन्झाइमवर दुसऱ्या जागी बसून वेग वाढवतो आणि मोकळा फॉस्फेट उलटं करतो. म्हणून दोन असे करतात: एकात सगळं भरपूर, फॉस्फेट नाही, आणि दुसऱ्यात सबस्ट्रेट कमी आणि फॉस्फेट घातलेला. दोघांचं गुणोत्तर बघून एन्झाइम किती "जागं" आहे ते ठरतं. जी६पी घालायचा विसरलात तर दुसऱ्या असेमध्ये काहीच दिसणार नाही.

शेवटी अल्कली घालून उकळतात, उरलेले हेक्झोज फॉस्फेट जळून जावेत आणि फक्त सुक्रोज उरावा म्हणून. ते अर्धवट उकळलं तर जी६पी शिल्लक राहतो आणि अँथ्रोनला (साखर मोजायच्या रिएजंटला) तोही रंग देतो. ब्लँक हिरवा येतोय म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकलेलं असतं.

ग्लायकोजेन सिंथेजलाही हेच लागू: जी६पीसह आणि जी६पीशिवाय असे करा, फॉस्फोरिलेट झालेलं एन्झाइम जी६पीशिवाय चालत नाही, न झालेलं चालतं.

१९. सेल कल्चरमध्ये थेट जी६पी टाकला तर पेशी घेतील का?

प्राण्यांच्या पेशी अखंड असतील तर नाही, कारण प्रश्न १ मध्ये दिलंय. परिणाम दिसला तर आधी मीडियममध्ये फॉस्फटेजने तोडून झालेला ग्लुकोज आहे का ते बघा, सीरममध्ये फॉस्फटेज असतं.

बॅक्टेरियाचं वेगळं. ई. कोलायकडे जी६पीसाठी खास ट्रान्सपोर्टर आहे, आणि बाहेर जी६पी दिसला की तो जास्त बनतो. फॉस्फोमायसिन हे अँटिबायोटिक त्याच दारातून आत जातं. म्हणून मायक्रोबायोलॉजीत फॉस्फोमायसिनची सेन्सिटिव्हिटी बघताना आगरमध्ये २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली जी६पी घालतात, आणि २०० मायक्रोग्रॅमच्या डिस्कमध्ये ५० मायक्रोग्रॅम जी६पी आधीच असतो. तो नसेल तर चांगला सेन्सिटिव्ह स्ट्रेनही रेझिस्टंट दिसतो. युरिन कल्चरच्या रिपोर्टमध्ये अचानक फॉस्फोमायसिन रेझिस्टन्स वाढलाय असं दिसलं तर आधी आगर बनवणाऱ्याला जी६पी घातला का ते विचारा.

२०. अल्फा आणि बीटा वेगळे घ्यायचे असतात का?

नाही. द्रावणात दोन्ही असतात, बीटा थोडा जास्त, साधारण ६० टक्क्यांच्या वर. जी६पीडी बीटा खातं, पण अल्फाचा बीटा काही सेकंदांत होतो, साध्या ग्लुकोजपेक्षा फार पटकन. त्यामुळे प्रश्न ७ च्या मापनात सगळा जी६पी मोजला जातो. फक्त स्टॉप्ड-फ्लोसारख्या मिलिसेकंदांच्या प्रयोगात याचा विचार करा.

२१. जी६पी घातलाच नाही तरी ३४० ला चढ दिसतोय, हे कसं?

क्रूड एक्स्ट्रॅक्ट असेल तर दिसणारच. टिशूमध्ये स्वतःचा जी६पी असतो, ग्लायकोजेन तुटत असेल तर नवाही बनत राहतो. एक्स्ट्रॅक्ट जी-२५ च्या (लहान रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या) छोट्या कॉलममधून काढा किंवा डायलायझ करा, पण डायलिसिसच्या बफरमध्ये थोडं एनएडीपी ठेवा, नाहीतर जी६पीडीच सैल पडून अ‍ॅक्टिव्हिटी घालवून बसाल. तरीही चढ राहिला तर तो जी६पीडीचा नाही, एनएडीपी वापरणारं दुसरं काहीतरी आहे, आणि तो वेग प्रत्येक सॅम्पलमधून वजा करा. लिउकोनॉस्टॉक या बॅक्टेरियाचं जी६पीडी (ते एनएडीवरही चालतं) आणि एनएडी वापरत असाल तर हे आणखी जास्त दिसतं, कारण एनएडी वापरणारी एन्झाइम क्रूडमध्ये ढिगाने असतात, तिथे यीस्टचं एन्झाइम आणि एनएडीपी बरं.

शुद्ध सिस्टिममध्येही, म्हणजे फक्त बफर, एनएडीपी आणि विकतचं एन्झाइम, असा चढ दिसला तर एकेक गोष्ट काढून बघा. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट बफर एकत्र असतील तर तो चढ नाही, गढूळपणा आहे: ४०० किंवा ५०० नॅनोमीटरला रीडिंग घ्या, तिथे एनएडीपीएच दिसत नाही पण गढूळपणा दिसतो.